गिऱ्हाइकाच्या घरी जाणारा कागद

दुकानातून माल बाहेर पडतो तेव्हा त्याच्याबरोबर दुकानदार जात नाही. त्याचे अगत्याचे बोलणे, काचेच्या कपाटातील मांडणी, दारावरची पाटी, हे सर्व दुकानातच राहते. गिऱ्हाइकाबरोबर त्याच्या घरापर्यंत जातो तो कागद. बिल, पिशवी, मिठाईचा खोका, शिंप्याची मापाची चिठ्ठी आणि वर्षअखेरीस दिलेली दिनदर्शिका हे त्याचे नेहमीचे प्रकार. व्यवहार मोठा असेल तर लेटरहेड, लिफाफा आणि नावाचे कार्ड हीही त्याच कुटुंबातली मंडळी. ह्या साऱ्याला आपण ‘स्टेशनरी’ असे एक नाव देतो आणि हिशेबाच्या वहीत तिची रक्कम किरकोळ खर्चाच्या खाती टाकून मोकळे होतो. श्रोतेहो, आज मला ह्या किरकोळ समजल्या जाणाऱ्या कागदाविषयीच बोलावयाचे आहे. लहान व्यापाऱ्याला परवडेल आणि दीर्घकाळ टिकेल अशी जाहिरात कोणती, असे मला कोणी विचारले तर मी त्याच्या बिलबुकाकडे बोट दाखवीन.

मी व्यापारी नव्हे. माध्यमिक शाळेत मराठी शिकविण्यात माझी वीस वर्षे गेली. नववीच्या वर्गाला व्यावसायिक पत्रलेखन शिकवावे लागते, आणि ‘मेसर्स अमुक आणि कंपनी’ अशा काल्पनिक पेढीला पत्रे लिहिण्याचा मुलांना मनस्वी कंटाळा येतो. म्हणून गेल्या वर्षी मी त्यांना घरात सापडेल तो एखाद्या खऱ्या दुकानाचा छापील कागद आणावयास सांगितले. दुसऱ्या दिवशी टेबलावर चाळीस-पंचेचाळीस कागदांचा ढीग जमला. त्यात सराफाच्या पावत्या होत्या, औषधांच्या पुड्या होत्या, कुंद्याचा रिकामा खोका होता. एका मुलीने तिच्या आजीच्या शिवणयंत्राचे बिल आणले होते. घडीवर विरलेले, कडांना पिवळे पडलेले. पण त्यावरचे यंत्राचे क्रमांक, तारीख, विकणाऱ्याची सही आणि दुकानाचा पत्ता हे सगळे स्वच्छ वाचता येत होते. ते दुकान केव्हाच बंद झाले आहे. तरी त्याचे नाव त्या घरातील लहान मुलालाही ठाऊक होते. त्याच ढिगात एका मुलाने आणलेले शीतकपाटाचे बिल होते, तीन वर्षांपूर्वीचे. त्यावर काहीच नव्हते. कोरी, करड्या झाकेची एक पट्टी.

ह्यात जादू कोणतीच नाही. हल्ली मोठ्या दुकानांतून जी बिले यंत्रातून सर्रकन बाहेर येतात, त्यांना शाई लागत नाही. त्या कागदावर उष्णतेने काळा होणारा एक लेप असतो आणि यंत्राचे तापलेले टोक त्यावर अक्षरे उमटविते. तोच लेप पुढे उन्हाने, उकाड्याने, हाताच्या तेलाने आणि विशेषतः प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवल्याने फिका पडत जातो. म्हणजे जो गृहस्थ काळजीपूर्वक बिल प्लॅस्टिकमध्ये घालून कपाटात ठेवतो त्याचेच बिल आधी पुसले जाण्याचा संभव अधिक. वस्तूची हमी पाच वर्षांची आणि हमीच्या पुराव्याचे आयुष्य दोन वर्षांचे, असा हा विचित्र संसार आहे. मी त्या मुलाला एवढेच सांगितले की, घरी असे आणखी कागद असतील तर आजच त्यांच्या छायाप्रती काढून ठेव.

मग मी मुलांना सांगितले, आपापल्या कागदावरील दुकानाला वस्तू सदोष निघाल्याबद्दल एक सौम्य पत्र लिहा. कित्येकांचे पत्र पहिल्याच ओळीशी अडले. कागदावर दुकानाचे नाव भले मोठे, वेलबुट्टी काढलेले. पण पत्ता ‘मेन रोड’ एवढाच. कोणत्या गावचा मेन रोड? दुकानदाराला वाटते, आपण कोठे आहोत हे साऱ्या जगाला माहीत आहे.

त्या ढिगाकडे पाहता पाहता माझ्या मनात एक विचार पक्का झाला. रस्त्यावरचा जाहिरातफलक अनोळखी माणसाशी बोलतो. त्याला ओरडावे लागते, कारण ऐकणारा चालता-चालता निघून जाणार असतो. छापील कागदाची गोष्ट वेगळी. तो ज्याच्या हाती पडतो तो माणूस एकदा दुकानात येऊन गेलेला असतो, त्याने पैसे मोजलेले असतात. त्याच्यापुढे ओरडण्याचे प्रयोजन नसते. तो पुन्हा यावा, आणि शेजाऱ्याने विचारल्यास त्याला आपले नाव व ठिकाण बिनचूक सांगता यावे, एवढेच त्या कागदाचे काम. हे काम तोच कागद करतो जो घरात उपयोगी पडतो आणि ज्यावरचा मजकूर खरा असतो. बाकी सोनेरी शाई, चकचकीत लेप, उठावाची अक्षरे ह्यांचे महत्त्व मी नाकारीत नाही, परंतु ते नंतरचे.

ही कल्पना नवी नाही. बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात तांब्याचा एक लहानसा ठसा आहे, लांबी-रुंदी तळहाताएवढी. चीनमध्ये सोंग घराण्याची सत्ता होती त्या काळातला, म्हणजे इसवी सन ९६० ते १२७९ ह्या दरम्यानचा. जिनान येथील ल्यू आडनावाच्या घराण्याचे सुयांचे दुकान होते, त्याचा हा ठसा. मध्यभागी मुसळ हाती घेतलेला पांढरा ससा आहे. दाराशी पांढरा ससा दिसेल तीच आमच्या दुकानाची खूण, असे बाजूला सांगितले आहे. खाली म्हटले आहे की, आम्ही उत्तम प्रतीच्या पोलादी सळया विकत घेऊन बारीक सुया बनवितो, आणि जे पुढे विक्रीसाठी नेतील त्यांना काही जास्त सवलत देऊ. जगातील अत्यंत जुन्या छापील जाहिरातींमध्ये ह्या ठशाची गणना होते. आता विचार करण्यासारखे आहे की, हा उद्योग सुयांच्या दुकानदाराला का सुचला असावा. सुईवर नाव कोरता येत नाही. घरी गेल्यावर एक सुई दुसरीसारखीच दिसते. तेव्हा जे सांगावयाचे ते तिच्या वेष्टणालाच सांगावे लागणार. आणि सांगितले तरी काय? खूण, कच्चा माल, कारागिरी आणि घाऊक खरेदीची सवलत. आजही एखाद्या किराणा दुकानदाराने आपल्या पिशवीवर याहून अधिक काही छापण्याची गरज मला दिसत नाही.

इंग्लंडात सतराव्या शतकात दुकानांची कार्डे निघू लागली. लंडनच्या घरांना तेव्हा क्रमांक नसत. म्हणून कार्डावर दुकानाच्या पाटीचे चित्र आणि ‘अमक्या चर्चच्या समोर, तमक्या गल्लीच्या तोंडाशी’ अशी वाट सांगितलेली असे. पुढे मोठ्या कीर्तीस चढलेला चित्रकार विल्यम होगार्थ याने १७२० साली धंद्यास आरंभ केला तेव्हा खोदकाम करणारा कारागीर म्हणून स्वतःचेच कार्ड कोरून काढले. दुकानदार अशा कार्डाच्या कोऱ्या जागेत किंवा पाठीवर हिशेब लिहून तेच बिल म्हणून देत. शेकडो वर्षांनंतरही ती कार्डे ब्रिटिश म्युझियममध्ये जपलेली आहेत, आणि त्यांवरून तेव्हाच्या लोकांनी काय विकत घेतले व किती दाम दिले हे आज कळते.

आपल्याकडे ह्या कागदाला जी गती आली ती पंचांग आणि देवादिकांची चित्रे ह्यांच्या मार्गाने. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मराठी पंचांग छापले, आणि ज्योतिषाच्या हस्तलिखितात असणाऱ्या तिथी-वार सामान्य घरात आले. चित्रांच्या बाबतीत राजा रविवर्मा यांचे नाव घ्यावे लागते. बडोद्याच्या दरबाराने त्यांना मोठा आश्रय दिला, हे तेथील मराठी मंडळींना सांगावयास नको. चित्रांच्या रंगीत मुद्रित प्रती काढाव्यात ही सूचना त्यांना केली तीही बडोद्याचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांनी. १८९४ मध्ये रविवर्म्यांनी मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. राजवाड्यातील लक्ष्मी आणि सरस्वती झोपडीच्या भिंतीवर आल्या त्या ह्या छापखान्यामुळे. साबण, औषधे आणि बालकांचे अन्न विकणाऱ्या कंपन्यांच्या हे लक्षात यावयास वेळ लागला नाही की, चित्राच्या पायथ्याशी आपले नाव छापले तर ते नाव वर्षभर भिंतीवर राहील.

तेथून ही विद्या दक्षिणेत शिवकाशीला फोफावली. १९२०च्या दशकाच्या आरंभी तेथील षण्मुग नाडार आणि अय्या नाडार हे दोघे चुलतबंधू कलकत्त्याला जाऊन आगपेट्यांचा धंदा शिकून आले. आगपेटी म्हटली की तिच्यावर चिकटविण्याचे रंगीत लेबल आले, फटाके म्हटले की त्यांची वेष्टणे आली. आणि ती बाहेरून छापून आणण्यापेक्षा आपणच छापावीत म्हणून छापखाने आले. पावसाचे प्रमाण कमी असलेल्या त्या कोरड्या गावात कागद चांगला टिके, छपाई चांगली वाळे. आपल्या गावचा व्यापारी ज्या आल्बममधून दिनदर्शिकेचे चित्र निवडतो, तो आल्बम बहुधा तिकडूनच आलेला असतो. चित्र हजारोंच्या संख्येने आधीच छापलेले असते. खाली सोडलेल्या कोऱ्या पट्टीवर दुकानाचे नाव मागाहून टाकले जाते. म्हणूनच शंभर-दोनशे प्रतीही लहान दुकानदाराला परवडतात, आणि म्हणूनच एकाच गल्लीतील लाकडाच्या वखारीच्या आणि चष्म्याच्या दुकानाच्या भिंतीवर तोच बाळकृष्ण लोणी खाताना दिसतो!

दिनदर्शिकेविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण ह्या कागदाचे मराठी घरातील स्थान निराळेच आहे. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढले, आणि भिंतीवरच्या कागदाला पाठीमागची बाजूही असते हे सर्वांच्या ध्यानात आले. तारखेच्या चौकोनात गृहिणी दुधाचा खाडा मांडते, गॅसची टाकी लावल्याची खूण करते, कोणाच्या वाढदिवसाला वर्तुळ काढते. ख्रिस्ती घरात त्याच चौकोनात फेस्ताचा दिवस आणि मृतांच्या स्मरणाची मिस्सा यांची नोंद होते. म्हणजे घरमालकीण दिवसातून दोन-चार वेळा त्या कागदासमोर उभी राहते, आणि तिच्या डोळ्यांच्या पातळीवर दुकानाचे नाव असते. कोणत्या जाहिरातीला हे भाग्य लाभते? वर्ष सरल्यावरही कागदाची सेवा संपत नाही. जाड, गुळगुळीत कागद पाहून आई तो पाठ्यपुस्तकाला कव्हर म्हणून घालते. जूनमध्ये माझ्या वर्गात पुस्तकांच्या चळती येतात तेव्हा गावातील निम्मी बाजारपेठ माझ्या टेबलावर मांडली जाते. भूगोलाच्या पाठीवर सायकलींचे दुकान, इतिहासाच्या पाठीवर सहकारी पतसंस्था.

हीच गोष्ट गणेशोत्सवात वाटल्या जाणाऱ्या आरतीसंग्रहाची. सोळा किंवा बत्तीस पानांची ती पुस्तिका, मागील पृष्ठावर एखाद्या भांड्यांच्या किंवा कापडाच्या दुकानाचे नाव. गणपती बोळवला की ती देवघरात ठेवली जाते आणि पुढच्या भाद्रपदात पुन्हा बाहेर निघते. दहा-दहा वर्षे ती टिकते. वर्तमानपत्रातील पानभर जाहिरात दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. ह्या पुस्तिकेला रद्दीत टाकावयास हात धजत नाही. मात्र येथे एक सावधगिरी हवी. देवादिकांचे चित्र जेथे फाडले जाईल, तुडविले जाईल, अशा वेष्टणावर छापू नये. पुडा फोडताना गिऱ्हाइकाच्या मनाला जे खटकते ते त्या दुकानाच्या नावाशी जोडले जाते. चित्र भिंतीवर शोभते म्हणून ते उदबत्तीच्या पुड्यावरही असावे, हा हिशेब चुकीचा.

ह्याच वर्गातला प्रवासी म्हणजे मिठाईचा खोका. बेळगावहून मुंबईला निघालेला माणूस कुंदा घेतल्याशिवाय गाडीत बसत नाही. इंदूरची शेव, ग्वाल्हेरची गजक, बडोद्याचा लिला चिवडा, हैदराबादची उस्मानिया बिस्किटे अशीच पाहुण्याच्या पिशवीतून देशभर हिंडतात. खाणाऱ्या दहा जणांपैकी नऊ जणांनी ते दुकान पाहिलेलेही नसते. त्यांच्या दृष्टीने खोका हेच दुकान. आणि तरीही कित्येक खोक्यांवर ‘स्पेशल मिठाई’ अशी अक्षरे आणि गुलाबाची दोन फुले एवढेच असते. तो खोका बाजारात तयार मिळतो आणि कोणत्याही दुकानात चालतो. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या कढईपुढे उभे राहून हाताला चव आणली, त्याने तो माल निनावी खोक्यात भरावा ह्याचे मला वाईट वाटते. फिरते विक्रेते नेमण्याची ऐपत नसलेल्या माणसाकडे हा फुकटचा फिरता विक्रेता असतो, आणि तो मुका ठेवला जातो.

कागदाचा खरा अर्थ मला कळला तो माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या दुकानात. शाळेत तो यथातथाच होता. पुढे त्याने सीमेलगतच्या एका बाजारगावी विजेच्या मोटारींचे जळलेले वाइंडिंग भरून देण्याचे दुकान काढले. विहिरीवरच्या पंपाची मोटार जळली की शेतकरी ती बैलगाडीतून, आता टेंपोतून, घेऊन येतो. तार नवी भरून नेतो आणि मग दोन-तीन वर्षे त्या दुकानाची त्याला आठवणही राहत नाही. पुन्हा मोटार जळते ती नेमकी मार्च-एप्रिलात, पीक पाण्याला आलेले असताना. तेव्हा घाईत जे दुकान पुढे दिसेल तेथे तो जातो. ह्या तरुणाने काय केले, तर हाताच्या पंजाएवढी चिकटपट्टी छापून घेतली. मोटारीवर ती टिकेना. पाणी आणि उष्णता यांनी गळून पडे. तेव्हा तो ती शेतातील खोपीत असलेल्या स्टार्टरच्या पेटीवर, झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवावयास देऊ लागला. मोटार बंद पडली की शेतकरी पहिल्याने तेच झाकण उघडतो. आत नाव, गाव, दूरध्वनी क्रमांक, आणि खाली हाताने लिहावयाच्या तीन जागा : काम केल्याची तारीख, वापरलेल्या तारेचे वजन, आणि हमीचे महिने.

तीन जागा भरून देण्याचा हा नियम त्याच्यावर उलटणार, असे त्याच्या शेजाऱ्यांना वाटत होते, आणि तसे झालेही. एक शेतकरी पाचव्या महिन्यात मोटार घेऊन आला. हमी सहा महिन्यांची. चूक कदाचित विजेच्या कमी-अधिक दाबाची असेल; पण पट्टीवर तारीख त्याच्याच अक्षरात होती. त्याने तार पुन्हा फुकट भरून दिली. तांब्याचा भाव लक्षात घेता त्या कामात त्याला चांगलीच तोशीस पडली. मी विचारले, आता तरी तारखेची जागा काढून टाकणार का? तो म्हणाला, “सर, तारीख काढली तर मग त्या पट्टीत राहिलं काय? नाव तर सगळेच छापतात.” त्या एका मोटारीच्या गावाहून पुढे त्याच्याकडे किती मोटारी आल्या हे मी मोजलेले नाही, परंतु गेल्या उन्हाळ्यात त्याच्या दारात टेंपो उभा करावयास जागा नव्हती, एवढे मी पाहिले आहे.

आता थोडे छापखान्याकडे वळू. पूर्वी खिळे जुळवून ट्रेडल यंत्रावर छपाई होई तेव्हा दुकानदाराला जुळाऱ्याचा सल्ला मिळत असे. आता संगणकावर सारे जुळते, आणि दहा प्रकारची अक्षरे फुकट मिळतात म्हणून दहाही वापरली जातात. एका कागदाला दोन प्रकारची अक्षरे पुरेत. लेटरहेडसाठी ए-फोर आकाराचा, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटरचा, ८० ते १०० जीएसएम वजनाचा कागद घ्यावा. त्याच्या तीन घड्या केल्या की तो ११० बाय २२० मिलिमीटरच्या लांबट लिफाफ्यात नीट बसतो. आधी लिफाफे छापून मग कागदाचा आकार ठरविणारेही मी पाहिले आहेत. बिलबुकासाठी चकचकीत आर्ट पेपर नको, कारण त्यावर रबरी शिक्क्याची शाई वाळत नाही आणि बॉलपेन घसरते. साधा मॅपलिथो बरा. गुळगुळीत जाड कागद नावाच्या कार्डापुरता राखावा.

मजकुरात काय असावे हे काही अंशी कायद्यानेच ठरविले आहे. २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. नोंदणी केलेल्या व्यापाऱ्याच्या बिलावर नाव, पत्ता, नोंदणीचा क्रमांक, बिलाचा अनुक्रमांक आणि तारीख ही यावीच लागतात. कंपनी म्हणून नोंद असेल तर २०१३च्या कंपनी कायद्याप्रमाणे नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, कंपनीचा ओळखक्रमांक, दूरध्वनी आणि ई-मेल हे पत्रांवर व बिलांवर छापणे भाग आहे. पुष्कळ व्यापारी ही कटकट समजतात आणि सर्वांत बारीक अक्षरांत, पानाच्या तळाशी, मुंग्यांची रांग चालावी तसे हे छापतात. मला उलट वाटते. अनोळखी गिऱ्हाईक तुमच्या नावाभोवतीची नक्षी पाहून विश्वास ठेवीत नाही. काही बिनसले तर ह्या माणसाला कोठे गाठावयाचे, हे ज्या कागदावर स्पष्ट लिहिलेले असते त्यावर तो विश्वास ठेवतो.

किती प्रती छापाव्यात हाही प्रश्नच आहे. ऑफसेट छपाईत प्लेटचा आणि जुळणीचा खर्च शंभर प्रतींना तेवढाच, हजारांनाही तेवढाच. त्यामुळे छापखानेवाला सहज म्हणतो, आणखी थोडे पैसे घाला, पाच हजार करून टाकू. हिशेब बरोबर असतो. पण कागदावरची माहिती पाच हजार प्रती संपेपर्यंत थांबत नाही. १९७२च्या १५ ऑगस्टपासून पिन कोड आले आणि देशभरातील छापील लेटरहेडांवर तो आकडा शिक्क्याने किंवा हाताने घालावा लागला. १९७४ साली बडोद्याचे अधिकृत नाव वडोदरा झाले, १९९५ साली बॉम्बेचे मुंबई, आणि १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे बेळगावी. शहराचे नाव बदलते तेव्हा सभा-भाषणे होतात. मात्र गल्लीतल्या लहान पेढीच्या कपाटात शिल्लक राहिलेल्या गठ्ठ्यांची चौकशी कोणी करीत नाही. दूरध्वनी क्रमांक तर याहून चंचल. जुन्या क्रमांकावर पेनाने रेघ मारून वर नवा लिहिलेले कार्ड कोणाला देऊ नये; पाहणाऱ्याला दुकानच आवरते घेतल्यासारखे वाटते. संगणकीय छपाईत प्लेट लागत नाही. तेव्हा कार्डे आणि चिकटपट्ट्या थोड्या छापाव्यात आणि बिलबुके मात्र वर्षाच्या अंदाजाने.

सीमाभागात आणखी एक पेच असतो, तो लिपीचा. आपल्या दुकानात येणारा एक माणूस कानडी वाचतो, दुसरा मराठी, आणि कंपनीचा प्रतिनिधी इंग्रजी. तिन्ही लिप्यांत सगळा मजकूर कोंबला तर कागदाचा भाजीबाजार होतो. नाव आणि पत्ता सर्व लिप्यांत, आणि बाकीचा तपशील गिऱ्हाईक ज्या भाषेत बोलते तीत, अशी वाटणी मला बरी दिसते. जी लिपी छापखानेवाल्याला येत नाही तिचे प्रूफ ती लिपी येणाऱ्याकडून तपासून घ्यावे. मराठीत ऱ्हस्वदीर्घाच्या चुका शिक्षकाला बोचतात, हे आपण सोडून देऊ. पण कानडीत आपल्याच आडनावाचा भलताच अर्थ छापून आला तर हसणारे गिऱ्हाईक पुन्हा येईलच असे नाही.

पिशवीसंबंधी एक निकाल सांगण्यासारखा आहे. २०१९ साली चंडीगडच्या ग्राहक मंचापुढे एक तक्रार आली. एका गृहस्थाने पादत्राणांच्या एका मोठ्या कंपनीच्या दुकानातून ३९९ रुपयांचा जोडा घेतला; बिलात कागदी पिशवीचे ३ रुपये लावलेले होते, आणि पिशवीवर कंपनीचे नाव होते. तक्रारदाराचे म्हणणे असे की, माझ्याकडून पैसे घेऊन मलाच जाहिरात मिरवावयास लावली. मंचाने ते मान्य केले आणि कंपनीला दंड, भरपाई वगैरे मिळून नऊ हजार रुपयांचा भुर्दंड बसला. पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंधने आल्यापासून कापडी व कागदी पिशव्यांचा खर्च वाढला आहे, हे खरे. तो कोणी सोसावा ह्याविषयी मतभेद होतील. माझे मत असे की, पिशवीचे पैसे घ्यावयाचे असतील तर ती कोरी द्यावी किंवा तिच्यावर नाव लहान असावे, आणि ती आठवडी बाजारात वर्षभर वापरता येईल इतकी मजबूत असावी. नाव छापलेली पिशवी भर रस्त्यात फाटून तांदूळ सांडले, तर ते नाव सगळा रस्ता वाचतो!

हे सर्व ऐकून कोणी म्हणेल, आता कागदाचे दिवस राहिले आहेत काय? सरकारनेही सप्टेंबर २०२०मध्ये आपल्या खात्यांना दिनदर्शिका, रोजनिशा आणि शुभेच्छापत्रे छापणे थांबविण्याचे आदेश दिले. बिल मोबाइलवर येते, पैसे चौकोनी खुणेवर मोबाइल धरून दिले जातात. ह्यातील सोय मी स्वतः रोज घेतो. परंतु मोबाइलमध्ये आलेला संदेश दुसऱ्या दिवशी पन्नास संदेशांखाली गाडला जातो, आणि जी वस्तू दाराआड, पेटीवर, भिंतीवर, पुस्तकाच्या पाठीवर असते ती शोधावी लागत नाही. शिवाय दोहोंत वैर असण्याचे कारण नाही. तीच चौकोनी खूण बिलाच्या कोपऱ्यात छापली तर त्यावर मोबाइल धरून दुकानाचा रस्ता सापडतो. फक्त ती खूण निदान अंगठ्याच्या दोन पेरांएवढी असावी, तिच्याभोवती पांढरी जागा सोडावी, आणि चकचकीत लेपाखाली ती उजेडात दिसेनाशी होत नाही ना, हे पाहावे.

नव्या वर्षाच्या दिनदर्शिका दिवाळीपूर्वीच मागविलेल्या बऱ्या. डिसेंबरमध्ये गेलेल्याला उरलेसुरले चित्र मिळते. आणि छापखान्यातून प्रूफ आले की घरातल्या माणसाला दाखवू नये, कारण त्याला सर्व पाठ असते आणि जे छापलेले नाही तेही तो वाचतो. शेजारच्या दुकानातील पोऱ्याला किंवा परगावच्या पाहुण्याला ते द्यावे, आणि त्यावरून दुकान कोठे आहे ते सांगावयास लावावे. मग प्रूफावरचा दूरध्वनी क्रमांक त्याच्याच मोबाइलवरून फिरवावयास सांगावा. आपल्या खिशातली घंटा वाजली, तरच खाली सही करावी.